साक्षीचा माईक कुणाच्या हाती?

चंगाई सभांच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या ख्रिस्ती सभांच्या, पोस्टरवरचा मजकूर आता पाठ झाला आहे. आजार पळतील, कर्ज फिटेल, अडलेलं लग्न जमेल, निपुत्रिकांना मूल होईल, व्हिसा मिळेल. खाली सुटातल्या पाळकांचा फोटो, त्याखाली मंडपाचा पत्ता आणि ‘प्रवेश मोफत’. या पोस्टरची चीड फक्त बुद्धिवाद्यांना येते असा एक समज आहे. मी रविवारी उपासनेला जाणारा माणूस आहे आणि मला ती त्यांच्यापेक्षा जास्त येते. त्यांच्या लेखी तिथे भोळ्या लोकांची फसवणूक होते, एवढंच. माझ्या लेखी तिथे आणखी काहीतरी हिरावलं जातं. देवावर आशा ठेवणं म्हणजे काय, याची शेकडो वर्षं जपलेली समज तिथे एका संध्याकाळच्या हमीपत्रावर विकली जाते. हमी पाळली गेली नाही, तर दोष देणाऱ्याचा नसतो. ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं म्हणून तो मागणाऱ्याच्या पदरात टाकला जातो.

हे मंडपापुरतं असतं तर नाक मुरडून पुढे जाता आलं असतं. पण आपल्या जुन्या, शिस्तीच्या मंडळ्यांमध्येही, म्हणजे चर्चच्या समुदायांतही, हे सावकाश शिरलं आहे. स्तुती-आराधनेचा भाग वाढला आणि पापांच्या कबुलीची प्रार्थना आखडली. गीतं पडद्यावर आली, त्यांतला ‘विजय’ वाढला, रडणं कमी झालं. आणि साक्षीची वेळ पाहा, देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगण्याची. साक्ष देतं कोण? ज्याचा ऑपरेशनचा रिपोर्ट चांगला आला तो, जिच्या मुलाला नोकरी लागली ती. त्यांनी जरूर बोलावं, उपकार मानायलाच हवेत. पण ज्या बाईने दोन वर्षं उपवास-प्रार्थना करूनही नवरा गमावला, ती शेवटच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत असते. तिला कुणी माईक देत नाही. तिच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, असं आपण न बोलता ठरवून टाकलेलं असतं. काही महिन्यांनी ती येईनाशी होते, आणि मग पंचांच्या बैठकीत ‘लोकांची आत्मिक भूक कमी झाली’ अशी चर्चा होते.

माझं म्हणणं असं आहे: ख्रिस्ती उपासनेतून मिळणारी आशा, मागितलेलं मिळालं की नाही यावर उभी नाही. जे मिळालं नाही ते देवासमोर, चारचौघांत, मोठ्याने म्हणता येणं यावर ती उभी आहे. ही मुभा काढून घेतली की उरतो तो उत्साह, आणि उत्साह सोमवारपर्यंत टिकत नाही.

हे मी पदरचं सांगत नाही. उपासनेचं आपलं सर्वांत जुनं पुस्तक स्तोत्रसंहिता. तिच्या 150 स्तोत्रांपैकी एक तृतीयांश तरी विलापाची आहेत. ‘किती दिवस?’, ‘तू झोपलास का?’, ‘तोंड का फिरवलंस?’ असले प्रश्न देवाला विचारणारी. अशी बहुतेक स्तोत्रं शेवटी भरवशाच्या सुरावर येतात, हे खरं. पण 88 वं येत नाही. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोखात आहे आणि काळोखातच संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र बांधली, त्यांना ते वगळता आलं असतं. त्यांनी ते ठेवलं. मंदिरात, देवासमोर, समुदायाने म्हणायच्या गीतांमध्ये ठेवलं. आज एखाद्या गायनपथकाने ते निवडलं, तर ‘काहीतरी उत्तेजनपर घ्या’ असं सांगून परत पाठवलं जाईल.

बायबलमधल्याच विलापगीत या पुस्तकाची बांधणी तर आणखी बोलकी आहे. इ.स.पू. 586 च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, माणसं बाबेलला नेली गेली. त्या राखेतून आलेली ही पाच गीतं. पहिली चार हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर बेतलेली आहेत. आक्रोशालाही कुणीतरी बसून अक्षरांची शिस्त लावली. ‘परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते’ हा आपल्या कॅलेंडरांवर हमखास छापला जाणारा विचार याच पुस्तकातला, तिसऱ्या गीतातला. म्हणजे तो पुस्तकाच्या मधोमध आहे. त्याच्यानंतर पुन्हा भूक येते, पुन्हा अपमान येतो, आणि शेवटचं पाचवं गीत ‘तू आम्हाला कायमचं टाकलंस का?’ याच शंकेवर थांबतं. कॅलेंडर छापणाऱ्याने मधलं वाक्य उचललं आणि भोवतीचं पुस्तक टाकून दिलं. आपल्या उपासनेचंही काहीसं तसंच झालं आहे. आशेचं वचन आपण वाचतो, पण ते ज्या घरात लिहिलं गेलं त्या घरातली प्रेतं आपल्याला नको असतात.

खुद्द येशूने वधस्तंभावर काय म्हटलं? ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे 22 व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. मरणाच्या क्षणी त्याने नवी प्रार्थना रचली नाही. लहानपणापासून कानावर पडलेली, समुदायाची विलापाची प्रार्थना त्याच्या तोंडी आली. त्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत ‘हा प्याला टळू दे’ असं त्याने मागितलं होतं. तो टळला नाही. ज्या धर्माच्या केंद्रस्थानीच एक न टळलेला प्याला आहे, त्या धर्माच्या मंडपात ‘मागा आणि घेऊन जा’ असं ओरडून सांगितलं जावं, याला धाडसच लागतं. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढून टाकण्याची देवाला तीनदा विनंती केली, काटा राहिला. चंगाई सभेत पौल गेला असता, तर त्याला रांगेत पुन्हा मागे उभं केलं असतं.

कुणी म्हणेल, गुड फ्रायडेनंतर पुनरुत्थानदिन, म्हणजे ईस्टर, आहे ना? आहेच, आणि त्याच्यावाचून यातलं काहीच उभं राहत नाही. मलाही तो हवा आहे. पण मधल्या शनिवारावरून उडी मारून तिथे पोहोचता येत नाही. शिष्यांना तो शनिवार शेवटासारखाच वाटला असणार. उद्या रविवार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आपली बहुतेक माणसं आयुष्याचा मोठा भाग त्या शनिवारातच काढतात. उपासना त्यांच्यासाठीही आहे.

मराठी माणसाला तर हे शिकवावं लागू नये. देवाशी भांडणारी भक्ती आपल्या रक्तात आहे. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. तुकोबांच्या घरात दुष्काळ शिरला, बायको गेली, मूल गेलं; त्यांचा देवाशी चाललेला झगडा अभंगांत जागोजागी आहे. कवी नारायण वामन टिळकांचा 1895 साली बाप्तिस्मा झाला, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत. त्या पुलावरून ते एकटे आले नाहीत. अभंग, ओवी, टाळ, कीर्तन हे सगळं बरोबर घेऊन आले. त्यांच्याही आधी, 1616 मध्ये, गोव्यात राचोलला इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं होतं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या पुराणांच्या जागी मनाला धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं, ही त्यामागची गरज. म्हणजे मराठी ख्रिस्ती उपासना चारशे वर्षांपूर्वीपासून इथल्या सुरात रडू आणि गाऊ पाहते आहे. अहिल्यानगर, जालना, सोलापूर भागातल्या जुन्या मंडळ्यांत पेटी-तबल्यावर टिळकांची गीतं म्हणणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्या आवाजात जे आर्जव आहे, ते परदेशी चालीवर बसवलेल्या चार ओळींच्या गीतात मला सापडत नाही. हे माझं वय बोलत असेल, अशी शंका तरुण संघाने घ्यावी. पण एकदा दोन्ही ऐकून घ्यावी.

आता पंडिता रमाबाईंकडे येतो, कारण प्रार्थना आणि आशा यांच्याबद्दल महाराष्ट्रात बोलायचं तर त्यांना वळसा घालून जाता येत नाही. रमाबाईंचा देव सुखात सापडलेला देव नव्हता. कोवळ्या वयात त्यांनी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. तीर्थांमागून तीर्थं पायी फिरून, व्रतं करून, जवळचं होतं नव्हतं ते दान देऊन झालं होतं. अन्न मिळालं नाही. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. बाप्तिस्मा 1883 मध्ये, इंग्लंडमध्ये झाला, आणि तिथल्या धर्मगुरूंशीही सिद्धान्तांवरून त्या वाद घालत राहिल्या. सांगेल तसं मानणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. ज्या भुकेने स्वतःचं घर गिळलं होतं, तिच्याच तोंडात पुन्हा शिरल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं त्यांचं ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान त्यातून वाढलं. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती आणखी फुगली. इतक्या माणसांना रोज खायला कुठून आणायचं, याचं उत्तर रमाबाईंकडे बहुतेक वेळा ‘प्रार्थना’ हेच होतं. हे वाचून आजचे चंगाईवाले खूश होतात. पण मुक्तीत विहिरीही खोदल्या गेल्या. शेती झाली, विणकाम चाललं, छापखाना उभा राहिला आणि तो बायकांनी चालवला, अंध मुलींना शिकवण्याची सोय झाली. 1905 मध्ये तिथे जे पुनरुज्जीवन, म्हणजे श्रद्धेची नवी लाट, झालं म्हणतात, त्यात शेकडो बायका एकाच वेळी मोठ्याने रडत प्रार्थना करत होत्या. ते रडणं अनेक पाहुण्यांना विचित्र वाटलं. मला ते अगदी साहजिक वाटतं. भुकेने मेलेली भावंडं, विकलेलं बालपण, वैधव्य, हे सगळं घेऊन आलेल्या त्या बायकांना मोकळ्याने रडायला दुसरी कुठली जागा या समाजाने ठेवली होती?

1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. जिच्या हाती पुढचं काम सोपवायचं, तीच गेली. ‘विश्वास असेल तर मिळतं’ या हिशेबात ही गोष्ट कुठे बसवायची? रमाबाईंइतका विश्वास कुणाचा होता? त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या. मुलीनंतरही ते काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि भाषांतर 1924 मध्ये बाहेर आलं. देवाने त्यांची मोठी प्रार्थना ऐकली नाही आणि तरी त्या त्याच्याच शब्दांशी बसून राहिल्या. आशा कशाला म्हणावं असं कुणी विचारलं, तर मी पोस्टरकडे नाही, त्या टेबलाकडे बोट दाखवीन.

इथे एक आक्षेप नीट ऐकून घ्यायला हवा. तुम्ही काहीही म्हणा, शेवटी हे समाधान माणसाला शांत बसवतं, असं म्हणणारे काही मूर्ख नाहीत. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीबद्दल लिहिताना डॉ. आंबेडकरांनी याच जागी बोट ठेवलं होतं. हिंदू राहिलेले अस्पृश्य आपल्या हक्कांसाठी झगडताहेत, मग त्यांचे ख्रिस्ती भाऊबंद गप्प का? हा प्रश्न झोंबणारा आहे आणि तो झोंबायलाच हवा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी आपल्या किती मंडळ्यांत, किती रविवारी, नाव घेऊन प्रार्थना झाली? स्वर्गातल्या न्यायाची गीतं आपण म्हटली, गावातल्या अन्यायाचं नाव उपासनेत घेतलं नाही. चर्चमध्ये जात कशी बसते, कुठे बसते, हेही घेतलं नाही. आक्षेप इथे खरा ठरतो.

पण तो कुठल्या प्रार्थनेला लागू पडतो, ते पाहावं. विलाप म्हणजे तक्रार, आणि तक्रार करायची तर काय चुकलं आहे ते बोलावं लागतं. जो देवासमोर ‘हे बरोबर नाही’ म्हणायला शिकतो, तो तहसीलदारासमोरही कधीतरी म्हणेल. जो देवासमोर फक्त ‘सगळं छान आहे’ म्हणतो, तो सगळीकडे तेच म्हणणार. वसईचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या चळवळीत उतरले, बिल्डर, पाण्याचे टँकर आणि राजकीय दहशत यांच्या विरोधात उभे राहिले. हेच फादर पुढे बायबलचं सुबोध मराठी भाषांतर करत होते, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वेदीवरची प्रार्थना आणि रस्त्यावरचा मोर्चा ही दोन कामं आहेत असं त्यांच्याकडे पाहून वाटत नसे. वसईची पाणथळ आणि बागायती वाचली का? बरीचशी नाही. तरीही त्या चळवळीतून तिथे जे लोक उभे राहिले, ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

दुसरा मुद्दा कायद्याचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, साप-विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं, हे त्याखाली गुन्हे आहेत. मधुमेहाच्या रुग्णाला स्टेजवरून ‘गोळ्या फेकून दे’ असं सांगणाऱ्यावर कुणी कायद्याचा बडगा उगारला, तर चर्चने ‘आमच्यावर अन्याय’ म्हणून गळा काढू नये. धर्मांतराच्या नुसत्या आरोपावरून घरगुती प्रार्थनासभा बंद पाडणं ही वेगळी गोष्ट आहे. ती दांडगाई आहे आणि तिला विरोध करायलाच हवा. पण या दोन गोष्टींची गल्लत सोयीची म्हणून आपणच करत राहिलो, तर खऱ्या अन्यायाच्या वेळी आपलं कोण ऐकणार? 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी आहेत. एवढ्याशा समाजाला विश्वासार्हता गमावणं परवडत नाही.

मनाच्या आजाराबद्दल तर आपण फारच निर्दयी आहोत. नैराश्य आलेल्याला ‘प्रार्थनेत कमी पडतोयस’ असं सांगणारे आजही पायलीला पन्नास भेटतात. एलीया संदेष्ट्याची गोष्ट त्यांनी पुन्हा वाचावी. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला, आणि लगेच तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला दिलं. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर झालं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांत वर्षानुवर्षं पुढे असलेल्या राज्यात कुठल्याही धर्माच्या पुजाऱ्याने, पाळकाने ही गोष्ट समोर ठेवावी. आधी झोप, भाकर, डॉक्टर. प्रवचनाला घाई नाही.

मग सामुदायिक प्रार्थनेची गरजच काय, घरी बसून करावी की, असं विचारणारे 2020 नंतर वाढले. त्या वर्षी 10 एप्रिलचा गुड फ्रायडे आणि 12 एप्रिलचा पुनरुत्थानदिन बंद दारांमागे गेले. राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती 16 नोव्हेंबरला. मोबाईलवर उपासना झाल्या, काही फार छान झाल्या. पण त्या काळात मेलेल्यांच्या घरी आपण जाऊ शकलो नाही, दफनाला चार माणसंही धड जमली नाहीत, आणि ते न झालेलं रडणं अजून कुठेतरी अडकून आहे. चर्च उघडल्यावर आपण काय केलं? उपकारस्तुतीची सभा. जे वाचले त्यांनी वाचल्याबद्दल. गेलेल्यांसाठी एक पूर्ण उपासना, नावं वाचून, घाई न करता, फार थोड्या ठिकाणी झाली.

एकट्याच्या प्रार्थनेला मी कमी लेखत नाही. पण एकट्याला अनेकदा शब्दच सुचत नाहीत, आणि तेव्हा दुसऱ्यांनी म्हटलेल्या प्रार्थनेवर मान टेकवता येते. प्रभूची प्रार्थनाही ‘आमच्या पित्या’ अशीच सुरू होते, ‘माझ्या’ नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या नेमाच्या प्रार्थनेला, सगळ्या धर्मांची माणसं येतात. आपली मागणी, आपले आभार चिठ्ठीवर लिहून देतात. तिथेही नवसाचा व्यवहार आहे, नाही असं नाही, आणि प्रोटेस्टंट वळणाच्या माझ्यासारख्याला त्यातलं बरंच पटत नाही. तरी एका अनोळखी बाईच्या आजारी मुलासाठी शेकडो अनोळखी माणसं एकदम मान खाली घालतात, तेव्हा तिचं ओझं निदान तिच्या एकटीचं राहत नाही.

तेव्हा मागणं अगदी साधं आहे. महिन्यातून एक रविवार साक्षीच्या वेळी ज्यांची प्रार्थना ऐकली गेली नाही त्यांना बोलावा. ते नको म्हणाले, तर आग्रह करू नका. स्तोत्रं निवडताना फक्त गोड निवडू नका. मध्यस्थीच्या प्रार्थनेत ‘सर्व दुःखी लोकांना’ म्हणून उरकू नका, नावं घ्या, तालुक्यातली गावं घ्या, कारखान्यातून काढलेले कामगार घ्या. टिळकांची विरहाची गीतं तरुणांना शिकवा, चाली हव्या तर नव्या लावा. आजाऱ्यासाठी प्रार्थना झाली की त्याला दवाखान्यात नेणारी गाडी कोण देणार, हे त्याच सभेत ठरवा.

यावर पाळकमंडळींची अडचण मला माहीत आहे. अशी रडकी उपासना ठेवली तर तरुण पलीकडच्या मंडपात जातील, दानपेटी हलकी होईल. काही जातीलही. पण मंडपातून हात हलवत परतलेले, बरे न झालेले, ‘विश्वास कमी पडला’ असा शिक्का घेऊन आलेले लोकही गावात बरेच आहेत. त्यांना जायला सध्या कुठलंच चर्च नाही.